पाळीव कासवासाठी हौद किती मोठा असावा?

शिवालयाच्या सभामंडपात, गाभाऱ्यासमोरच्या फरशीत कोरलेले दगडी कासव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या पाठीला हात लावून मगच आत जाण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. अवयव आवरून घेणारे कासव हे संयमाचे प्रतीक मानले गेले आणि त्यातूनच एक समजूत रूढ झाली. कासव म्हणजे एका जागी मुकाट्याने पडून राहणारा, अल्पसंतुष्ट प्राणी. त्याला जागा ती किती लागणार, असे आपण गृहीत धरतो.

पाण्यात राहणाऱ्या कासवाच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. पाणकासव हा उत्तम पोहणारा प्राणी आहे. त्याची बोटे पडद्याने जोडलेली असतात, कवच पाणी कापण्याजोगे चपटे असते आणि जागेपणीचा मोठा काळ ते पोहण्यात, अन्न शोधण्यात व ऊन खाण्यात घालविते. अशा प्राण्याला घमेल्याएवढ्या भांड्यात ठेवले, तर ते जगते. परंतु ते जगणे म्हणजे दीर्घकाळ चाललेला आजारच होय. म्हणून कासव घरी आणण्यापूर्वी हौदाचा विचार कसा करावा, याची माहिती येथे देत आहोत.

कोणते कासव?

आपल्या नद्यांत व तळ्यांत आढळणाऱ्या देशी कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण देण्यात आले आहे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले तारा कासव काय किंवा भातखाचरात व तळ्यात दिसणारे मऊ पाठीचे कासव काय, ते घरात बाळगणे हा गुन्हा आहे. शेतात किंवा विहिरीत सापडलेले कासव हौसेने घरी आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शहरांतील शोभेच्या माशांच्या दुकानांतून जे हिरवे पिल्लू विकले जाते, ते बहुधा लाल कानाचे कासव असते. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा असतो, त्यावरून ते ओळखता येते. त्याची मूळ भूमी अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. विक्रीच्या वेळी ते जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचे, तळहातावरील नाण्याएवढे असते. हे नाणे पुढे काय रूप घेणार, याची कल्पना घेणाऱ्याला सहसा दिली जात नाही.

पूर्ण वाढलेल्या नराचे कवच साधारणपणे १५ ते २० सेंटिमीटर लांब होते. मादी त्याहून मोठी असते. तिचे कवच २० ते २८ सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे ती जेवणाच्या ताटाएवढी होते. योग्य निगा राखल्यास हे कासव २० ते ४० वर्षे जगते. आज पहिलीत असलेल्या मुलीसाठी आणलेले कासव तिच्या लग्नानंतरही माहेरच्या घरात असू शकेल. पिल्लू नर आहे की मादी, हे लहानपणी बाहेरून ओळखता येत नाही. पुढे नराच्या पुढच्या पायांची नखे लांब होतात व शेपटी जाड होते, तेव्हाच ते कळते. त्यामुळे हौदाचे पहिले सूत्र हेच की, पिल्लाच्या आजच्या आकारावरून हौद ठरवू नये. पूर्ण वाढलेल्या मादीचे माप धरून तो ठरवावा.

"लहान भांड्यात ठेवले की कासव लहानच राहते" असे काही विक्रेते सांगतात. हे खरे नाही. अपुऱ्या जागेत, घाण पाण्यात व उन्हाअभावी त्याची वाढ खुंटू शकते. परंतु ते खुंटणे आजाराचे लक्षण असते. कवच मऊ पडते किंवा वेडेवाकडे होते, डोळे सुजतात, त्वचेवर व कवचावर जखमा होतात.

माप कसे घ्यावे?

कासवाची लांबी म्हणजे त्याच्या पाठीच्या कवचाची लांबी. डोके व शेपटी त्यात धरीत नाहीत. कवचाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजावे. पाठीच्या उंचवट्यावरून फीत फिरवून घेतलेले माप अधिक भरते व हिशेब चुकतो. सोपा उपाय असा: कासव सपाट जागी ठेवून त्याच्या पुढे व मागे कवचाला टेकतील अशी दोन पुस्तके उभी करावीत आणि त्या दोन पुस्तकांमधील अंतर पट्टीने मोजावे.

दोन नियम आणि त्यांतील भेद

हौदाच्या आकारमानासाठी पाळणाऱ्यांमध्ये दोन ठोकताळे प्रचलित आहेत. पहिला ठोकताळा पाण्याच्या प्रमाणाचा आहे: कवचाच्या दर सेंटिमीटर लांबीमागे सुमारे १५ लिटर पाणी. दुसरा लांबी-रुंदीचा आहे: हौदाची लांबी कवचाच्या पाचपट, रुंदी तिप्पट आणि पाण्याची खोली दुप्पट.

दोन्ही नियम वरवर सारखेच वाटतात; प्रत्यक्षात त्यांची उत्तरे वेगवेगळी येतात. ती पुढीलप्रमाणे आहेत.

कवच १० सेंटिमीटर: पहिल्या नियमाने १५० लिटर, दुसऱ्या नियमाने ५० × ३० × २० सेंटिमीटर, म्हणजे ३० लिटर.

कवच १५ सेंटिमीटर: पहिल्याने २२५ लिटर, दुसऱ्याने ७५ × ४५ × ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०१ लिटर.

कवच २० सेंटिमीटर: पहिल्याने ३०० लिटर; दुसऱ्याने १०० × ६० × ४० सेंटिमीटर, म्हणजे २४० लिटर.

कवच २५ सेंटिमीटर: पहिल्याने ३७५ लिटर, दुसऱ्याने १२५ × ७५ × ५० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४६९ लिटर.

कवच २८ सेंटिमीटर: पहिल्याने ४२० लिटर, दुसऱ्याने १४० × ८४ × ५६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६५९ लिटर.

असे का व्हावे? कवचाची लांबी दुप्पट झाली की पहिल्या नियमातील पाणीही केवळ दुप्पट होते. दुसऱ्या नियमात मात्र लांबी, रुंदी व खोली ही तिन्ही मापे दुप्पट होतात. म्हणजे पाणी आठपट होते. कासवाचे शरीरही तिन्ही दिशांनी वाढते. काही ग्रॅम वजनाचे पिल्लू पुढे दीड-दोन किलोचे होते, ते यामुळेच. लहान कासवाला पहिला नियम अधिक पाणी देतो आणि ते इष्टच आहे, कारण थोडे पाणी लवकर घाण होते. परंतु कवच साधारण २२ सेंटिमीटरच्या पुढे गेले की तोच नियम तोकडा पडतो. मोठ्या कासवाला त्या हिशेबाने पाणी पुरेसे दिसते, पण वळायला व पोहायला जागा उरत नाही. म्हणून दोन्ही नियमांनी हिशेब करावा आणि ज्याचे उत्तर मोठे येईल ते स्वीकारावे. मोठ्या कासवाच्या बाबतीत लांबी-रुंदीचा नियमच निर्णायक समजावा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वर दिलेली खोली पाण्याची आहे, हौदाच्या भिंतीची नव्हे. हे कासव चढण्यात पटाईत असते. पाण्याच्या पातळीच्या वर निदान २५ ते ३० सेंटिमीटर भिंत मोकळी असली पाहिजे. २५ सेंटिमीटर कवचाच्या मादीसाठी हौदाची उंची त्यामुळे ७५ ते ८० सेंटिमीटर होते. दगड, फांद्या व गाळणयंत्र यांनी व्यापलेली जागाही पाण्यातून वजा करावयास हवी.

एका हौदात एकच कासव ठेवणे उत्तम. या प्राण्याला सोबतीची गरज भासत नाही. उलट अपुऱ्या जागेत कासवे एकमेकांना चावतात आणि नर मादीला सतत त्रास देतो. दुसरे ठेवावयाचेच असेल, तर पाणी निदान दीडपट करावे व दोघांसाठी स्वतंत्र कोरड्या जागा द्याव्यात.

मोठ्या हौदाने पाणी वाया जाते काय?

आपल्या राज्यातील अनेक शहरांत व गावांत उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. अशा वेळी एका कासवासाठी साडेचारशे लिटरचा हौद ही चैन नव्हे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर हिशेबातच आहे.

कासव पाण्यातच खाते व पाण्यातच मलविसर्जन करते. त्यातून अमोनिया निर्माण होतो आणि तो त्याच्या डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असतो. हौद मोठा असेल व त्याला चांगले गाळणयंत्र जोडलेले असेल, तर गाळणीतील उपकारक जिवाणू या अमोनियाचे रूपांतर कमी घातक क्षारांत करतात. मग आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलले तरी बहुधा भागते. ४६९ लिटरच्या हौदात हे पाणी सुमारे ११७ लिटर भरते. उलट तेच कासव ३० लिटरच्या टबात ठेवले, तर टब रोजच ओतावा लागतो. म्हणजे आठवड्याला २१० लिटर पाणी लागते. इतके करूनही कासव दिवसाचा निम्मा वेळ घाणीतच राहते. तेव्हा पाणी खरे वाया जाते ते लहान भांड्यातच.

गाळणयंत्र घेताना ते हौदातील पाण्याच्या दोन ते तीन पट क्षमतेचे घ्यावे, कारण त्यावरील आकडे बहुधा माशांसाठी दिलेले असतात आणि कासव माशांहून कितीतरी अधिक घाण करते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मग हौदात सोडावे. हौदातून काढलेले पाणी फुलझाडांना घालावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र घालू नये.

मोठ्या हौदाचा आणखी एक लाभ तापमानाचा आहे. या कासवाला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. विदर्भातील मे महिन्यात उघड्यावरचा लहान टब दुपारी पाहता पाहता तापतो आणि कासवाला त्यातून सुटकेचा मार्ग नसतो. मोठा जलसाठा सावकाश तापतो व सावकाश निवतो. तरीही निम्म्याहून अधिक हौदावर कायम सावली हवीच.

ऊन आणि कोरडी जागा

पोहण्याइतकेच ऊन खाणे कासवाला आवश्यक असते. हौदाच्या एका बाजूस त्याला पूर्णपणे बाहेर येऊन अंग कोरडे करता येईल, अशी जागा द्यावी. २५ सेंटिमीटरच्या कासवासाठी सुमारे ४५ × ३५ सेंटिमीटरची फळी पुरते. ती कासवाच्या वजनाने बुडू अथवा कलंडू नये. तीवर चढण्यासाठी खरखरीत उतार असावा. ही फळी हौदाच्या काठावर किंवा पाण्याच्या वर बसविली, तर पोहण्याची जागा अडत नाही. मात्र फळीवर उभे राहून कासवाला भिंत ओलांडता येणार नाही, अशी त्या बाजूची भिंत उंच करावी अथवा वर जाळी घालावी.

उन्हातील अतिनील किरणांमुळे कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते व कॅल्शियम कवचात मुरते. हे किरण खिडकीच्या काचेतून पुरेसे आत येत नाहीत. त्यामुळे काचेआड ठेवलेल्या हौदावर ऊन पडलेले दिसले, तरी त्याचा हा उपयोग होत नाही. सुदैवाने आपल्याकडे उन्हाची वाण नाही. हौद उघड्या जागी असेल, तर कोवळे ऊन फुकट मिळते. तशी जागा नसेल, तर अतिनील किरण देणारा खास दिवा लावावा लागतो.

मादी कासवासाठी आणखी एक सोय लागते. नर जवळ नसला तरी वयात आलेली मादी अंडी घालते आणि त्यासाठी तिला ओलसर माती किंवा वाळू उकरावी लागते. जागा न मिळाल्यास अंडी पोटातच अडकून तिच्या जिवावर बेतू शकते. म्हणून निदान ६० × ४५ सेंटिमीटरची, २५ ते ३० सेंटिमीटर माती भरलेली पेटी हौदाच्या हिशेबात धरावी.

हौद कोठे आणि कशाचा?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ४६९ लिटर पाणी म्हणजे जवळजवळ अर्ध्या टनाचा भार. काच, दगड व बैठक धरून तो अर्ध्या टनाच्या सहज पुढे जातो. १२५ × ७५ सेंटिमीटरच्या हौदाखाली दर चौरस मीटरला केवळ पाण्याचेच ५०० किलो वजन पडते. राहत्या खोल्यांची जमीन भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून आखलेली असते. हा भार सर्व खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे एका कोपऱ्यातील हौदाने जमीन लगेच खचेल असे नव्हे. परंतु जुन्या इमारतीत आणि बाहेर काढलेल्या गॅलरीत हा धोका पत्करू नये. वरच्या मजल्यावर मोठा हौद ठेवण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा. तळमजला, अंगण किंवा परसदार या जागा सर्वांत उत्तम.

काचेची पेटी दिसावयास सुबक असते. परंतु या मापाला जाड काच लागते व खर्च फार येतो. कासवाला काचेची गरज नसते. पाणी साठविण्याची रुंद प्लास्टिकची टाकी किंवा जाड टब तितकाच उपयोगी पडतो. अंगणात सिमेंटचा हौद बांधणे सर्वांत टिकाऊ. मात्र नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, म्हणून काही आठवडे हौद वारंवार भरून व ओतून मगच कासव आत सोडावे. उघड्या हौदावर जाळी अवश्य असावी. मांजर, मुंगूस व कावळा यांचे लहान कासवाला भय असते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हौद तुडुंब भरतो आणि कासव काठावरून निघून जाते. त्यासाठी पाण्याच्या ठरलेल्या पातळीवर सांडवा ठेवावा व त्याच्या तोंडाला जाळी बसवावी.

पिल्लासाठी लहान, मग मध्यम, मग मोठी अशा तीन पेट्या क्रमाने घेण्यापेक्षा प्रथमच मोठा हौद घेऊन त्यात सुरुवातीस पाणी उथळ ठेवणे स्वस्त पडते. पिल्लाला मोठी जागा बाधत नाही. विश्रांतीसाठी दगड व वनस्पती दिल्या म्हणजे झाले.

आरोग्याची काळजी

कासव निरोगी दिसत असले, तरी त्याच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात. लहान मुले पिल्ले तोंडाजवळ नेतात म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ साली बंदी घालण्यात आली. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागल्यावर साबणाने हात धुवावेत. हौदाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरांनी कासव न आणणेच श्रेयस्कर.

जागा नसेल तर?

हौदाचा प्रश्न एका घरापुरता राहत नाही, तो येथे. लहान भांड्यात न मावणारे कासव शेवटी कोठे जाते? पुष्कळदा ते देवळाच्या तळ्यात, विहिरीत किंवा नदीच्या डोहात सोडले जाते आणि सोडणाऱ्याला आपण एका जिवाला मुक्त केले असे समाधान वाटते. वस्तुतः ही मुक्तता इतर अनेक जिवांच्या मुळावर येते. हे परदेशी कासव काटक व खादाड असून अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा देशी कासवांकडून बळकावते व आपल्याबरोबर रोगही नेऊ शकते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते २०१८ साली आढळले. केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यातही आढळले आहे. आपल्या तळ्यांवर ही वेळ येऊ द्यावयाची नसेल, तर सांभाळणे अशक्य झालेले कासव प्राणी पुनर्वसन केंद्राकडे किंवा ते ठेवू शकणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. मार्गदर्शनासाठी वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकाशी संपर्क साधता येतो.

कायद्याची भूमिकाही या बाबतीत स्पष्ट आहे. ज्या पिंजऱ्याची अथवा भांड्याची लांबी, रुंदी व उंची प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्यास पुरेशी नाही, अशा जागी त्याला कोंडून ठेवणे ही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील अकराव्या कलमानुसार क्रूरता ठरते. हे कलम केवळ बैल-घोड्यांपुरते नाही. माणसाखेरीज प्रत्येक जीव त्यात येतो आणि कासवही येते.

कासव आणण्याचा विचार असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एक साधी गोष्ट करावी. घराच्या जमिनीवर खडूने १२५ × ७५ सेंटिमीटरचा चौकोन आखावा, त्याशेजारी मातीच्या पेटीची जागा दाखवावी आणि आठवडाभर तो भाग मोकळा ठेवून वावरावे. ही जागा पुढील तीस वर्षे आपण देऊ शकू काय, हा प्रश्न घरातील सर्वांनी मिळून स्वतःला विचारावा. उत्तर होकारार्थी असेल, तर ते कासव भाग्यवान म्हणावयाचे. नकारार्थी असेल, तर खडूची रेघ पुसून टाकावी. त्यात कमीपणा नाही. न आणलेले कासव हीही एका जिवावर केलेली दयाच होय.